नवं ब्रॉडबँड घेताना: आधी तार बघा, मग प्लॅन

कंपनी बदलायचा विचार मनात आला की आधी एक काम करा. घरातला लॅपटॉप लॅन केबलने थेट सध्याच्या राउटरला जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि वेग मोजा. ओकलाची स्पीडटेस्ट चालेल, नेटफ्लिक्सचं फास्ट डॉट कॉमही चालेल. एकदा सकाळी मोजा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊ-साडेनऊला, सगळी इमारत नेटवर असते तेव्हा.

तारेवर पूर्ण वेग येतोय आणि आतल्या खोलीत मात्र व्हिडिओ अडकतोय, असं असेल तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे. कंपनी बदलून तो जाणार नाही. नव्या कंपनीचा माणूस येईल, त्याच कोपऱ्यात तसाच राउटरचा डबा ठोकून जाईल आणि आतली खोली होती तशीच राहील. तारेवरचा वेगसुद्धा रोज रात्री निम्म्यावर येत असेल, किंवा पाऊस आला की दोन-दोन दिवस लाइनच बंद राहत असेल, तर मात्र कंपनी बदलायला हवी. ही तपासणी न करता वर्षभराचे पैसे एकदम भरणारी माणसं मी सतत बघते, म्हणून ती सगळ्यात वर ठेवली आहे.

वेग किती हवा

जाहिरातीतला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि आपण डाउनलोड करतो ती फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात, एक जीबीला साधारण दीड मिनिट लागतं.

आता घरातला वापर मांडा. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगतं, फुल एचडीसाठी ५. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात. हॉलमध्ये टीव्हीवर फोर-के सिनेमा, एका खोलीत ऑफिसची मीटिंग, दुसऱ्या खोलीत मुलांचा ऑनलाइन क्लास आणि आजीच्या मोबाइलवर कीर्तन, एवढं सगळं एकाच वेळी चाललं तरी बेरीज तिसाच्या आसपास जाते. चौघांच्या घराला १०० एमबीपीएस भरपूर झाले. दोघंच ज्येष्ठ नागरिक राहत असतील तर ४०-५० मध्येही काही अडत नाही. तीनशे-पाचशेचा प्लॅन घ्यावा तो रोज मोठ्या फाइली चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांनी: लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, आर्किटेक्ट, गेमचे मोठे डाउनलोड करणारी मुलं.

अपलोडचा वेग मात्र आवर्जून विचारा. फायबरवर बहुतेक प्लॅनमध्ये जाण्याचा आणि येण्याचा वेग सारखा असतो, जुन्या केबल टीव्हीच्या तारेवर आणि तारेशिवाय टॉवरवरून येणाऱ्या फाइव्ह-जी एअरफायबरवर अपलोड बराच कमी मिळतो. मीटिंगमध्ये तुमचा आवाज तुटतो, तेव्हा बहुतेकदा हा अपलोड अपुरा पडत असतो.

इमारतीत कोणाची तार पोचली आहे

हा भाग वेळ देऊन करा, कारण पुढची चार-पाच वर्षं कशी जाणार ते इथे ठरतं. एकच कंपनी एका गल्लीत उत्तम चालते आणि दोन गल्ल्या पलीकडे रडवते. फरक पडतो तो तुमच्या इमारतीपर्यंत तार कशी आली आहे आणि ती तुटली तर जोडायला कोण येतं, यानं.

जिन्यातून किंवा डक्टमधून एक चक्कर मारा. भिंतीवर कंपन्यांच्या पेट्या दिसतील. पेटीतून बारीक, चपटी काळी किंवा पांढरी तार थेट फ्लॅटमध्ये जात असेल तर ते खरं फायबर. पेटीत विजेवर चालणारा, दिवे लुकलुकणारा स्विच असेल आणि तिथून निळी-राखाडी लॅन केबल घराघरात गेली असेल, तर फायबर फक्त इमारतीपर्यंत आहे. जाहिरातीत दोन्हीला ‘फायबर’च म्हणतात. घरापर्यंतच्या फायबरमध्ये वाटेत लागणारे स्प्लिटर (एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारे) विजेशिवाय चालतात. त्यामुळे इमारतीची वीज गेली तरी तुमचा डबा इन्व्हर्टरवर असला की नेट चालू राहतं. स्विचवाल्या इमारतीत जिन्यातली वीज गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद. उन्हाळ्यात जिथे रोज वीज जाते तिथे एवढ्या एका गोष्टीवर निर्णय घ्यावा.

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत साधारणपणे जिओ, एअरटेल, टाटा प्ले फायबर, हॅथवे यांच्यापैकी दोघं-तिघं असतात. शिवाय बीएसएनएल आणि एखादा स्थानिक केबलवाला. स्थानिक माणसाला नुसता तो छोटा आहे म्हणून बाद करू नका. रात्री दहाला फोन उचलणारा, स्वतःची शिडी घेऊन येणारा केबलवाला कित्येकदा मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरपेक्षा फार बरा. मात्र त्याला दोन गोष्टी विचारा. परवाना कोणाचा? इंटरनेट सेवेचे परवाने अ, ब आणि क अशा तीन वर्गांत मिळतात, देशभरासाठी, राज्य-सर्कलपुरते आणि त्याहून लहान क्षेत्रापुरते. तो स्वतः परवानाधारक आहे की कोणाचा फ्रँचायझी, हे त्याला सरळ सांगता आलं पाहिजे. दुसरं, जीएसटी क्रमांक असलेलं बिल मिळेल का? बिल नसेल तर उद्या तक्रार कशाच्या आधारावर करणार?

मग शेजाऱ्यांशी बोला. ‘नेट कसं आहे?’ असं विचारलं की ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: शेवटचं कधी बंद पडलं होतं? किती तासांनी सुरू झालं? कोण आलं होतं? वरच्या मजल्यावरच्या, खालच्या आणि दुसऱ्या विंगमधल्या अशा तीन-चार घरांना विचारलं की चित्र स्पष्ट होतं. जून ते सप्टेंबरबद्दल वेगळं विचारा. झाडाची फांदी पडते, रस्ता खोदणारा जेसीबी जमिनीतली तार उखडतो, खांबावरून लोंबणाऱ्या केबल महापालिका कापते. हे सगळ्याच कंपन्यांच्या वाट्याला येतं, किती लवकर जोडलं जातं त्यात फरक असतो.

सोसायटीच्या समितीनं एकाच कंपनीला आत येऊ दिलं असेल तर लेखी अर्ज द्या, पाच-सहा सभासदांच्या सह्या घ्या आणि सभेत विषय घ्यायला लावा. दुसरी कंपनी आली की पहिलीची सेवाही सुधारते.

गावाकडे निवड कमी असते. तालुक्याच्या ठिकाणी आणि मोठ्या गावांत बीएसएनएलचं फायबर बहुधा एखादा स्थानिक भागीदार चालवतो, म्हणजे तुमचा खरा व्यवहार त्याच्याशी असतो. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची (गावोगावी फायबर नेणारी सरकारी योजना) तार आली असेल तर तिथून घरगुती जोडणी मिळते का, याचीही चौकशी करा. फायबर कुठूनच येत नसेल तर फाइव्ह-जी एअरफायबर. एअरटेल आणि जिओ या दोघांनीही ही सेवा २०२३ मध्ये सुरू केली. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक अँटेना बसते आणि टॉवरवरून सिग्नल घेते. तार ओढायची नाही, म्हणून लगेच बसते. पण महिन्याची डेटा मर्यादा फायबरपेक्षा कमी, आणि टॉवरवर गर्दी झाली की वेग खाली. फायबर आणि एअरफायबर दोन्ही मिळत असतील तर मी विचार न करता फायबर सांगेन.

प्लॅनचा कागद वाचताना

जाहिरातीतल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो. ४९९ चा प्लॅन ५८८ रुपये ८२ पैशांना पडतो, ७९९ चा जवळपास ९४३ ला. तुलना नेहमी कर धरून करा, आणि बसवण्याचा खर्च, डब्याची अनामत, पत्ता बदलला तर लागणारे पैसे हे सगळं एकाच कागदावर मांडा.

‘अमर्यादित’ डेटालाही मर्यादा असते. जिओ-एअरटेलच्या फायबर प्लॅनमध्ये ती महिन्याला साधारण ३,३०० जीबी आहे, त्यापुढे वेग एकदम उतरतो. फोर-के सिनेमा तासाला जास्तीत जास्त सात जीबी खातो, म्हणजे रोज पंधरा तास पाहिला तरी ही मर्यादा ओलांडत नाही. स्थानिक कंपन्यांचे काही प्लॅन मात्र ५०० किंवा १,००० जीबीवर थांबतात, आणि तिथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: कॅमेरे. क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग पाठवणारा एकच कॅमेरा २ एमबीपीएसनं चालला तरी दिवसाला २१ जीबींहून जास्त, म्हणजे महिन्याला साडेसहाशे जीबींच्या आसपास जातात. दोन कॅमेरे असतील तर हजारची मर्यादा कॅमेरेच संपवतील.

कॅमेऱ्यांवरूनच आणखी एक. दुकानातला किंवा घरातला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) तुम्ही बाहेरून थेट आयपी पत्त्यावर उघडत असाल तर ‘पब्लिक आयपी, म्हणजे फक्त माझ्या लाइनचा पत्ता, मिळेल का?’ हे आधी विचारा. बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. त्यावर बाहेरून डीव्हीआर उघडता येत नाही आणि स्थिर आयपीसाठी वेगळे पैसे पडतात.

ओटीटी जोडलेला प्लॅन घेताना त्यातलं काय खरंच बघितलं जातं ते घरात विचारा. मोबाइलच्या रिचार्जवर तेच ॲप आधीच फुकट मिळत असेल, तर दुसऱ्यांदा पैसे कशाला?

सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले की एखादा महिना फुकट मिळतो किंवा बसवण्याचा खर्च माफ होतो. तरी पहिले एक-दोन महिने दरमहा भरूनच घ्या. सेवा पटली की मग लांबचा प्लॅन. भाड्याच्या घरात राहत असाल तर करार संपायच्या तारखेपलीकडचे पैसे भरूच नका.

ओळखपत्र देताना मास्क केलेलं (पहिले आठ आकडे झाकलेलं) आधार द्या, आणि झेरॉक्सवर ‘फक्त ब्रॉडबँड जोडणीसाठी’ असं लिहून तारीख घाला.

बसवायला माणूस येतो त्या दिवशी

त्या दिवशी घरी थांबा. डबा कुठे लागेल हे त्याच तासाभरात ठरतं आणि नंतर कोणी बदलत नाही. कामगाराला दिवसाला अनेक घरं करायची असतात, म्हणून तो तार शिरते तिथेच, म्हणजे दाराशी किंवा गॅलरीत, डबा लावू बघतो. तुम्ही आधीच घराच्या मध्यावरची एक जागा ठरवा, प्लग पॉइंट तपासा आणि सांगा: ‘दादा, तार इथपर्यंत आणा, जास्तीच्या तारेचे पैसे देते.’ दहा-पंधरा मीटर तारेचा खर्च नंतरच्या मेशपेक्षा (घरभर वाय-फाय पसरवणारे जोडीचे डबे) कितीतरी स्वस्त.

तार कोपऱ्यात काटकोनात मोडू देऊ नका, खिळा ठोकून दाबू देऊ नका. आत काचेचा तंतू असतो, वळण मोठं हवं. भिंतीला भोक पाडायचं तर बाहेरच्या बाजूला उतार ठेवायला सांगा आणि तार भोकाखाली जराशी लोंबवून मग वर घ्यायला लावा, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून आत न येता खालीच ठिबकतं.

जोडणी झाली की त्याच्याकडच्या मीटरवर प्रकाशाचं रीडिंग दाखवायला सांगा. आकडा डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) असतो आणि उणे असतो. उणे १५ ते उणे २४-२५ छान. उणे २७ च्या पुढे गेला की लाइन काठावर आहे: आज चालेल, पहिल्या पावसात सांधा ओला झाला की बंद. असा आकडा दिसला तर सांधा पुन्हा करायला लावा, तो निघून गेल्यावर पुन्हा बोलावणं अवघड. मीटरचा फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी नेट अडखळायला लागलं, की ‘बसवलं तेव्हा उणे १९ होता, आज बघा’ एवढं म्हटलं तरी समोरचा कामाला लागतो.

तारेच्या टोकाला बहुधा हिरवी पिन असते. तिच्या टोकाला बोट लावू नका, आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण लेसरचा असतो. डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाहीये, म्हणजे तार कुठेतरी तुटली किंवा निसटली आहे. त्या वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा.

तो जायच्या आधी लॉगिनचं नाव, पासवर्ड आणि लागत असल्यास व्हीलॅनचा क्रमांक (राउटरच्या सेटिंगमध्ये भरायचा कंपनीचा आकडा) लिहून घ्या. त्याचा स्वतःचा मोबाइल नंबरही घ्या.

राउटर: कंपनीचा की स्वतःचा

एक-दोन खोल्यांच्या घरात कंपनीचा डबा पुरतो. आधी तो वापरून बघा, मग खर्च करा. स्वतःचा राउटर घेतलात तरी कंपनीचा डबा ठेवावाच लागतो, कारण फायबरची पिन साध्या राउटरमध्ये बसत नाही. डबा ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून द्याल का, म्हणजे डबा नुसती लाइन पुढे देईल आणि बाकी काम तुमचा राउटर करेल, हे कंपनीला विचारा. नाही म्हणाले तरी तुमचा राउटर त्यामागे चालतो, फक्त डब्याचं वाय-फाय बंद करा म्हणजे दोन जाळी एकमेकांत घुसणार नाहीत.

विकत घेताना खोक्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा, आणि त्यात पहिल्यांदा पोर्ट, म्हणजे केबल लावायची खाच. ‘१०/१००’ लिहिलं असेल तर त्या राउटरमधून शंभरच्या वर काही जाणारच नाही. आमच्याच इमारतीतल्या एका काकूंच्या घरी ३०० चा प्लॅन होता आणि दर वेळी मोजलं की ९३-९४. कंपनीकडे तक्रार, माणूस येतो, ‘आमच्याकडून बरोबर आहे’ म्हणून जातो. वेग नव्वदच्या थोडा पुढे येऊन अडकला की समजायचं, वाटेत कुठेतरी शंभरचं पोर्ट आहे किंवा आठापैकी चारच तारा जोडलेली केबल. काकूंचा राउटर १०/१०० चा निघाला. ‘गिगाबिट’ लिहिलेलाच घ्या, सोबत चांगली कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल.

खोक्यावरचे मोठे आकडे बेरजेचे असतात. एसी १२०० म्हणजे ८६७ अधिक ३००, एएक्स १८०० म्हणजे १,२०१ अधिक ५७४, दोन्ही पट्ट्यांचे (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) मिळून. तुमचा फोन साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. अँटेना चार आहेत की सहा, याला फारसं महत्त्व देऊ नका. टू-बीएचकेला गिगाबिट पोर्टचा, वाय-फाय ६ चा, एएक्स १५०० किंवा १८०० वर्गातला राउटर पुरेसा आहे. वाय-फाय ७ साठी दुप्पट-तिप्पट पैसे घालायचं अशा घरात काही कारण मला दिसत नाही. त्याऐवजी त्या मॉडेलला फर्मवेअरचे (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट अजून येतात का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. अपडेट थांबलेला राउटर स्वस्तात मिळाला तरी नको.

मोठं किंवा जाड भिंतींचं घर असेल तर वेगळा विचार करावा लागतो. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वाड्यांच्या दगडी भिंती आणि दोन मजल्यांमधला आरसीसी स्लॅब सिग्नल गिळतात. तिथे कितीही महागडा एकच राउटर पुरत नाही. साधा एक्स्टेंडर त्याच वाय-फायवर घेतो आणि त्याच वाय-फायवर देतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. मेश घ्या, आणि दोन डब्यांमध्ये लॅन केबल टाकता आली तर उत्तम. घराचं वायरिंग किंवा रंगकाम निघालंच असेल तर प्रत्येक खोलीत कॅट-६ ओढून ठेवा, पूर्ण तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते, ती भिंतीत गाडू नका.

राउटर उघड्यावर, छातीच्या वरच्या उंचीवर ठेवा. टीव्हीच्या मागे, माळ्यावर, लोखंडी कपाटाच्या किंवा फ्रिजच्या शेजारी ठेवला की अर्धं घर अंधारात. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान पण भिंतीपुढे थकतो, २.४ चा लांब जातो पण शेजाऱ्यांच्या गर्दीत अडकतो. २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळं चॅनल निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. अँड्रॉइडवरच्या वाय-फाय ॲनालायझर ॲपमध्ये शेजाऱ्यांची गर्दी डोळ्यांना दिसते.

सेटिंगमध्ये चार गोष्टी त्याच दिवशी करा: राउटरच्या ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा ३ ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा, पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढा. कॅमेरे आणि स्मार्ट दिवेही त्याच गेस्टवर टाका.

इन्व्हर्टर नसेल तर मिनी यूपीएस घ्या. घेण्याआधी डबा आणि राउटर दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. १०,००० एमएएच क्षमता म्हणजे साधारण ३७ वॉट-तास. दोन्ही मिळून १५ वॉट खात असतील तर दोन तास धरा.

पहिले दोन आठवडे

जुनं कनेक्शन लगेच बंद करू नका, दोन्ही पंधरवडाभर चालवा. तारेनं तीन वेळा वेग मोजायची सुरुवातीची चाचणी नव्या लाइनवर पुन्हा करा. लॅपटॉपवर ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला अर्धा तास पिंग (उत्तर मागणारी सततची हाक) लावून ठेवा, मधेमधे उत्तर चुकत असेल तर वेग कितीही दिसला तरी मीटिंग तुटणार.

बिघाड झाला की तक्रार ॲपवर किंवा कॉल सेंटरला नोंदवून क्रमांक घ्या. नुसत्या कामगाराला केलेल्या फोनची कुठेच नोंद होत नाही. तिथे सुटलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ही दोन पायऱ्यांची पद्धत ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१२ च्या नियमांनी घालून दिली आहे. त्यानंतर केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. लाइन अनेक दिवस बंद राहिली असेल तर तेवढ्या दिवसांची बिलात सूट मागा, आणि लेखी मागा.

नवं नीट चालतंय याची खात्री झाली की जुन्या कंपनीला ई-मेलनं बंद करायला सांगा, ऑटो-पे बँकेतून किंवा यूपीआय ॲपमधून स्वतः काढा, आणि डबा-अडॅप्टर परत देताना डब्याच्या मागच्या सीरियल नंबरसकट पावती घ्या. न्यायला आलेला माणूस ‘पावती लागत नाही’ म्हणाला तर डबा देऊ नका. अनामत परत येईपर्यंत ती पावती जपून ठेवा.